तिसऱ्या कडव्यातली गाय

"सूऽऽऽक! सूक, सूक, सूऽऽक! ये गं माझे बाई, ये!"

ही हाक डेल्फियाच्या कानात बत्तीस वर्षं मुक्कामाला होती. उन्हं कड्यावरून निसटली की तिची आई ऑर्लीना एप्रनला हात पुसत कुंपणापाशी यायची, एक पाय खालच्या फळीवर ठेवायची आणि वरच्या रानाकडे तोंड करून गायीला बोलवायची. हाक सरळ जायची नाही. चढण चढणाऱ्या बाईसारखी आधी संथ, दमादमानं वर जायची. आणि अगदी टोकाला पोचली की आवाज टिचायचा. टिचायचा म्हणजे फुटायचा नव्हे. फांदीवरून पाखरू उडावं आणि फांदी नुसती हलत राहावी, तसं काहीतरी व्हायचं. मग जरा वेळानं रानातून घंटा वाजायची, टण टण, आणि चेरी गाय पोट हलवत खाली यायची.

डेल्फिया अकरा वर्षांची असताना आई न्यूमोनियानं गेली. तीन संध्याकाळी पोर कुंपणाशी उभी राहून ओरडली. शब्द तेच, फळी तीच, पण चेरी काही आली नाही. शोधून, दोरी लावून आणावी लागली. चौथ्या दिवशी पोरीनं हाक चढवत नेली आणि टोकाला आवाज टिचू दिला, आईचा टिचायचा तसाच. घंटा वाजली. चेरी आली, पोरीकडे बघितलं, तिच्या पाठीमागे दाराकडे बघितलं, आणि मग मुकाट्यानं धारेला उभी राहिली.

तेव्हापासून ती चाल डेल्फियाकडे होती. होती आईचीच. सांभाळायला तिच्याकडे.

आता डेल्फिया रॅटलिफ त्रेचाळीसची होती. दिवसभर गिरणीत मोज्यांची बोटं शिवायची आणि दर मंगळवारी संध्याकाळी क्लेब कोलिअरच्या स्वयंपाकघरात गायची. लिक क्रीक या ओढ्याच्या नावाची ही गाणारी चौकडी म्हणजे दोन जोडपी: शाळेची बस चालवणारा क्लेब आणि त्याची बायको विलोडीन, डेल्फिया आणि तिचा नवरा होबर्ट. होबर्ट न्हावी होता, केंटकीतून आलेला. बोलायचा कमी, पण गाताना त्याचा खर्ज असा लागायचा की टेबलावरच्या ताकाच्या पेल्याला शहारा यायचा.

गेल्या हिवाळ्याआधी डेल्फियाकडून एक गाणं झालं. धुणं वाळत घालता घालता झालं. तिनं ते पिठाच्या पिशवीच्या कागदावर उतरवून काढलं, चर्चच्या गाणशाळेत शिकवतात तसं, आकारांत. त्या भागात स्वर त्याच्या आकारावरून ओळखतात: हा त्रिकोण, हा चौकोन, हा शंकरपाळ्यासारखा. जिथे हाक टिचते त्या जागेला मात्र कुठलाच आकार बसेना. तिथे तिनं पेन्सिलीनं एक छोटा आकडा काढला, कुंपणाच्या तारेला असतो तसा. छापील पुस्तकात पानाच्या डाव्या कोपऱ्यात शब्द करणाऱ्याचं नाव असतं, उजव्या कोपऱ्यात चाल करणाऱ्याचं. तिनं दोन्ही कोपरे कोरे सोडले. नाव नंतर घालू म्हणाली स्वतःशी.

तो कागद घेऊन ती मंगळवारी क्लेबकडे गेली, तर क्लेब रेडिओवर चिडलेला.

"हल्ली ज्याला त्याला गाणी होतात," तो म्हणाला, "गोवर झाल्यासारखी! जुनं एक गाणं धड येत नाही आणि निघाले नवं करायला. हं, तुझ्या हातात काय गं?"

"जुनंच आहे," ती म्हणाली. "ऐकलेलं."

एवढंच. तीन शब्दांचं खोटं. चौघांनी आधी रीतीप्रमाणे नुसते स्वर म्हटले, मग शब्द.

पल्याडच्या डोंगरावर दिवा कुणी लावला,
माझ्या अंगणाचा अंधार थोडा कमी झाला.

डॉगवुडला फूल आलं, वाट पांढरी झाली,
गेल्याची पावलं सारी फुलांखाली गेली.

ये सूक, ये सूक, ये गं माझे बाई,
दुधासाठी नाही गं, तुझ्यासाठी घाई.

गाणं संपलं तेव्हा विलोडीननं चुलीवरची घेवड्याची आमटी ढवळायचं सोडून डोळे पुसले. क्लेब मात्र डोळे मिटून बसला होता.

"थांबा," तो म्हणाला. "हे मला माहितीये. हे माझी आजी म्हणायची!"

"तुझी आजी?" विलोडीन म्हणाली. "सेरेना आजी? मला तर ती फक्त तंबाखू मागायची."

"तू सून. सुनेला कोण गाऊन दाखवतं?"

डेल्फिया हसली. हसायला नको होतं, हे तिला पुढच्या रविवारी कळलं. चौकडीनं ते गाणं चर्चच्या जेवणाला म्हटलं आणि पोस्टमास्तर भरल्या तोंडानं पुढे आले: त्यांची आजी हेच गाणं दळताना म्हणायची. पाद्र्याच्या बायकोच्या आजीला त्याची अकरा कडवी येत होती. गिरणीतल्या एका बाईनं तर डेल्फियाला बाजूला घेऊन समजावलं, "राग मानू नकोस, पण दुसऱ्या कडव्यात चुकतेस तू. आमच्यात डॉगवुड नव्हतं, रानचेरी होती." डेल्फिया मान हलवत राहिली. रोज कुणाची तरी नवी आजी कबरीतून उठत होती आणि गाण्याचा एकेक तुकडा घेऊन जात होती.

आणि सगळ्यांत कडी म्हणजे होबर्ट. दुकानात कुणीतरी त्याला विचारलं, तर हा केंटकीचा माणूस वस्तरा पुसत शांतपणे म्हणाला, "हो, मीही ऐकलंय ते."

होबर्ट कधी खोटं बोलायचा नाही. त्या रात्री जेवताना डेल्फियानं त्याला मक्याचा पाव जरा आपटूनच वाढला.

मग चौकडी गावच्या रेडिओवर ते गाणं गायली, आणि महिन्याभरात नॅशव्हिलहून लायल प्रुइट नावाच्या माणसाचा फोन आला. शहरातल्या लोकांना सध्या डोंगरातली जुनी गाणी हवी आहेत. तुम्ही या, आपण तबकडी काढू. क्लेबनं हातातला फोन ठेवला नाही, काढलेल्या टोपीसारखा छातीशी धरून बसला.

एप्रिलमध्ये, डॉगवुड फुललेलं असताना, चौघं क्लेबच्या गाडीतून पहाटेच निघाले. क्लेब एकोणीस वर्षं शाळेची बस चालवत होता. त्यामुळे रेल्वेचे रूळ आले की तो गाडी थांबवायचा, दार उघडायचा, कान देऊन ऐकायचा, दार लावायचा आणि मग पुढे जायचा. बसच्या ड्रायव्हरला तसा नियमच असतो.

"क्लेब, गाडीत पोरं नाहीयेत," विलोडीन चौथ्या रुळांना म्हणाली.

"माहितीये मला."

"मग दार का उघडतोस?"

"मी कुठे उघडतो? हात उघडतो."

मागच्या सीटवर होबर्टच्या मांडीवर डबा होता आणि डेल्फियाच्या मांडीवर पिठाच्या पिशवीचा तो कागद. नॅशव्हिलला पोचायच्या आत सांगायचं, असं तिनं ठरवलं होतं. पहिल्या रुळांना तिनं घसा साफ केला. तिसऱ्या रुळांना "क्लेब," असं म्हणाली, तर क्लेब म्हणाला, "आज आजी असायला हवी होती गं," आणि त्यानं खरोखरच नाक शिंकरलं. आता माणसाच्या आजीला गाडीतून उतरवायचं कसं? डेल्फियानं कागदाची घडी घातली.

स्टुडिओ म्हणजे एक साधं राहतं घर होतं, भिंतींना गोधड्या ठोकलेल्या. मधोमध एकच मायक्रोफोन. प्रुइट तिशीतला, लांब हातांचा, अतिशय नम्र माणूस होता. विलोडीनलाही "मॅम" म्हणायचा, त्यामुळे ती सकाळपासून फुललेली होती. त्यानं तिच्या बांगड्या काढायला लावल्या, होबर्टला तीन पावलं मागे नेऊन सतरंजीच्या कडेला उभं केलं आणि डेल्फियाला अगदी पुढे.

"दिवा लाल झाला की आधी फितीसाठी बोलायचं," त्यानं सांगितलं. "गाण्याचं नाव, गाणं कुणाचं, आणि कितवी खेप. तेच आम्ही तबकडीच्या मधल्या कागदी चकतीवर छापतो, तेव्हा नीट सांगा. एकदा छापलं की ते तसंच राहतं."

तो काचेमागे गेला. दिवा लाल झाला.

"ये सूक," क्लेब शाळेच्या आवाजात म्हणाला. "जुनं गाणं. खेप पहिली."

त्यानं सूर दिला आणि तळवा वर उचलला. इथेच गंमत झाली. रेडिओवर समोर निवेदक असायचा, चर्चमध्ये लोक असायचे. इथे समोर कुणीच नाही. चार भिंती, चार माणसं, क्लेबचा तळवा. मंगळवारच झाला तो! चौघांच्या तोंडून शब्दांऐवजी स्वर निघाले: सोल, सोल, ला, डो... एकालाही कळलं नाही. गाणशाळेत लहानपणी लागलेलं वळण, आधी नावानं स्वर म्हणायचे, मग शब्द. जीभ आपली आपण त्या वाटेनं चालू लागली. तिन्ही कडवी स्वरांत झाली. तिसऱ्या कडव्यात ती टिचणारी जागा आली आणि डेल्फियाला धक्काच बसला. शब्द नव्हते. गाय नव्हती, दूध नव्हतं, कसलं पांघरूण नव्हतं. नुसती आईच उभी होती, एक पाय खालच्या फळीवर ठेवून.

मग शब्दांची वेळ आली तेव्हा विलोडीन मध्येच थांबली. "अरे देवा," ती म्हणाली. "आपण सराव गायलो!"

"माफ करा हं, मिस्टर प्रुइट," क्लेब काचेकडे बघत म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "ती फीत पुसून टाका. वाया गेली."

पण प्रुइट दार उघडून धावतच आला. "हे काय होतं? ही कुठली भाषा?"

"भाषा कसली? स्वर होते ते. आम्ही आधी स्वर म्हणतो, मग—"

"ठेवायचं हे! असंच ठेवायचं. आधी स्वर, मग शब्द. मी असलं काही ऐकलंच नाही कधी." तो डेल्फियाकडे वळला. "आणि मॅम, तो शेवटी आवाज असा होतो, तो मुद्दाम?"

"तसाच आहे तो," डेल्फिया म्हणाली.

"आजीकडून आलाय," क्लेबनं पुरवणी जोडली.

दुसऱ्या खेपेला क्लेब फितीत म्हणाला, "जुनं गाणं, आमच्या खोऱ्यातलं." तिसऱ्या खेपेपर्यंत त्याला चांगलंच बळ आलं होतं: "जुनं गाणं, माझी आजी सेरेना कोलिअर हिच्या तोंडून आलेलं!" डेल्फियाला वाटलं, आणखी एक खेप झाली तर आजी स्वतःच येऊन खर्ज लावेल.

तिसऱ्या खेपेनंतर प्रुइट डोकं खाजवत बाहेर आला. "सगळं छान आहे. फक्त एक. ते तिसरं कडवं. बघा, ऐकणारा शहरातला माणूस. दिवा, डोंगर, फुलं, गेलेला माणूस, त्याला रडू यायला लागलेलं असतं, आणि मध्येच गाय येते."

होबर्टनं डेल्फियाकडे बघितलं.

"गाय वाईट नाही," प्रुइट घाईनं म्हणाला. "पण दुसरं एखादं कडवं आहे का? जुन्या गाण्यांना असतात ना जास्तीची कडवी?"

"आता आठवलं!" क्लेब म्हणाला. "आजीच्या गाण्यात गाय नव्हतीच. कबूतर होतं." आणि डोळे मिटून, अगदी मनापासून तो गाऊ लागला:

पांढरं कबूतर आलं, बसलं छपरावर,
चोचीत त्याच्या चिठ्ठी गं, नाव नाही वर.

"तुझ्या आजीला कबूतर फक्त रश्श्यात आवडायचं," विलोडीन म्हणाली. पण प्रुइटनं टाळी वाजवली होती. हेच. अर्ध्या तासानं हेच घेऊ, तोवर खाऊन घ्या. त्यानं डेल्फियाच्या हातातला कागद बघायला मागितला. "इथे कोपऱ्यात नाव असतं ना? हे कोरं का?"

"जुन्याला कसलं नाव?" क्लेब म्हणाला.

डेल्फिया आणि होबर्ट मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. होबर्टनं डबा उघडला, सफरचंदाचं सारण भरलेल्या तळलेल्या करंज्या होत्या. ऊन कोवळं होतं. शेजारच्या अंगणात एक बाई कपडे वाळत घालत होती.

"कबूतर बरंय," एक करंजी तिच्या हातात देत होबर्ट म्हणाला.

"बरंय की."

"चिठ्ठीवर नाव नाही म्हणे."

"नसतं काही चिठ्ठ्यांवर."

"करंजीतलं सारण मांडीवर सांडतंय तुझ्या."

तिनं करंजी खाली ठेवली. "होबर्ट, तू दुकानात म्हणालास, मीही ऐकलंय ते गाणं. तुझी आजी तरी कशाला आणलीस मध्ये? तीच एक राहिली होती!"

"मी आजीचं नाव घेतलं नव्हतं," होबर्ट म्हणाला. "ऐकलंय म्हटलं. ऐकलंच होतं. मागच्या अंगणात. दुसऱ्या ओळीवर तू दोन महिने अडली होतीस. एकदा ओला टॉवेल खांद्यावर घेऊन उभीच राहिलीस. पाठ सगळी भिजली तरी तुला पत्ता नाही."

डेल्फियानं मांडीवरचं सारण पुसलं.

"आणि गायीचं कडवं?" तिनं विचारलं.

"ते एका दमात आलं. एकदाच म्हटलंस, आणि मग त्याच टॉवेलात तोंड खुपसून रडलीस." त्यानं शर्टावरचे कण झटकले. "मी जवळ आलो नाही. लाकडं फोडत बसलो. यंदा लाकडं जरा जास्तच झाली आपल्याकडे."

"वसंतापर्यंत पुरली," ती म्हणाली.

"पुरली ना."

"मग बोलला का नाहीस?"

"कोपरे तू कोरे ठेवलेस. तुझ्या कागदावर मी कसं लिहिणार? माझं अक्षरही वाईट आहे."

ती हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "आता कोण विश्वास ठेवेल रे? अख्खा जिल्हा आज्या घेऊन उभा आहे. क्लेबला तर वाटतंच, त्यानं ऐकलंय. खोटं नाही बोलत तो बिचारा. त्याचं तोंड उतरेल."

"उतरेल," होबर्ट म्हणाला. "मग परत येईल जागेवर. पुढच्या रुळांपर्यंत."

शेजारच्या अंगणातली बाई कपडे वाळत घालून आत गेली. डेल्फियानं त्या दोरीकडे बघितलं. चेरी कधीच गेली होती, कुंपण गेलं, रानात आता कोळशाची खाण होती. ती हाक उरली होती एवढ्याच एका जागी, कागदावरच्या त्या छोट्या आकड्यात. आणि अर्ध्या तासानं तिथे कबूतर बसणार होतं.

आतून प्रुइटनं हाक मारली. दोघं उठले. होबर्ट आपली तीन पावलं मागे जाऊन सतरंजीच्या कडेला उभा राहिला. विलोडीननं बांगड्या पुन्हा काढल्या. क्लेबनं घसा साफ केला, पट्टा वर ओढला आणि फितीसाठी छाती भरून घेतली.

दिवा लाल झाला.

डेल्फिया एक पाऊल पुढे सरकली. मायक्रोफोन तिच्या ओठांच्या अगदी जवळ आला. मागे होबर्टचा श्वास तिला ऐकू येत होता, अगदी खर्जातला.

"ये सूक," ती म्हणाली. आवाज टोकाला जरा टिचला. तिनं टिचू दिला. "शब्द माझे, डेल्फिया रॅटलिफचे. चाल माझ्या आईची, ऑर्लीनाची. ती ह्या चालीवर गाय बोलवायची. जुनं नाहीये हे. गेल्या हिवाळ्याआधी केलंय मी, धुणं वाळत घालताना. मी खोटं बोलले, क्लेब. खेप चौथी. आणि तिसऱ्या कडव्यात गाय आहे."